पहिला घास बघणाऱ्या सिस्टर

सिस्टर स्वतः केलेला केकपॉप कधी खात नसत. खाणाऱ्याकडे बघत बसत. तेही जाता-येता नाही. समोर खुर्ची ओढायच्या, चष्मा पुसायच्या, आणि माणूस काडीवरचा तो केकचा गोळा तोंडाशी नेऊन पहिला घास घेईपर्यंत पापणी हलवायच्या नाहीत. चेहऱ्यावर जे काय उमटायचं ते उमटलं की त्यांचं काम झालं. नंतर कोणी कितीही तारीफ केली तरी तिकडे त्यांचं लक्ष नसे. "खाऊन झाल्यावर माणूस काय वाट्टेल ते बोलतो," त्या म्हणायच्या. "पहिल्या घासाला खोटं बोलता येत नाही." पहिल्यांदा त्या माझ्यासमोर अशा येऊन बसल्या तेव्हा माझ्याच्याने तो घास गिळवेना.

सिस्टर म्हणजे खरोखरच्या सिस्टर. कल्याणच्या एका दवाखान्यात छत्तीस वर्षं इंजेक्शनं देऊन निवृत्त झालेल्या. भाजीवाला, शेजारपाजार, इस्त्रीवाला, सगळ्यांच्या त्या सिस्टरच होत्या आणि माझ्याही. त्यांचं पूर्ण नाव मी कधी विचारलंसुद्धा नाही. ते तोंडं बघण्याचं खूळ कुठून आलं हे मात्र मी विचारलं होतं. त्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "छत्तीस वर्षं मला बघितलं की लोकं तोंड फिरवायची. बारकी पोरं तर पायरीवरूनच रडायला लागायची. मोठी माणसं रडायची नाहीत, भिंतीकडे बघायची. आता जरा समोरून बघू दे की."

आमची ओळख नौपाड्यातली. एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नाताळच्या आधी दोन रविवार केकपॉपचा क्लास होता. मी आठवडाभर विम्याच्या ऑफिसात फायली हलवणारी बाई. केक हा माझा रविवारचा छंद, आणि त्या छंदाचा मला नको तितका अभिमान. क्लासमध्ये आम्ही दहाजणी होतो आणि सिस्टर त्यांत सगळ्यांत मोठ्या. शिकवणारी मुलगी चटपटीत होती, तिचे हात भराभर चालायचे. केकचा चुरा करा, क्रीम घालून मळा, गोळे वळा, काडी टोचा, चॉकलेटात बुडवा, झालं. तिचं झालं. माझा गोळा काडीवरून सुटला आणि वितळलेल्या चॉकलेटात डुबुक करून बुडाला. शेजारच्या टेबलावरून शांत आवाज आला, "पेशंट दगावला." मी वळून बघितलं तर सिस्टरांचे बारा गोळे बारा काड्यांवर ताठ उभे. त्या दिवसापासून मी त्यांची 'पेशंट' झाले ती कायमची.

त्यांच्यापुढे मी सपशेल हरले होते आणि हरणं मला जमत नाही. म्हणून क्लास संपल्यावर पुढच्याच रविवारी त्यांच्या घरी कल्याणला जाऊन थडकले. मग जातच राहिले. सिस्टरांचं स्वयंपाकघर म्हणजे निम्मं ड्रेसिंगरूम. आत शिरताना कोपरापर्यंत हात धुवायचे, केसांवर टोपी घालायची. साखरेचे चंदेरी बारीक मणी लावायला चिमटा, आणि ते मणी ठेवायला सर्जिकलच्या दुकानातून आणलेला कोरा किडनी ट्रे. प्रत्येक गोळा काट्यावर पंचवीस ग्रॅमच भरला पाहिजे. सव्वीस भरला तर एक ग्रॅमची चिमटी काढून त्या पुढच्या गोळ्याला लावत. मी म्हटलं, एका ग्रॅमने कोण मरतंय? तर चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसात कोणी मरत नसेल."

मला जे जमत नव्हतं त्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. घाई. काडीचं टोक आधी चॉकलेटात बुडवायचं, मग गोळ्यात अर्ध्यापर्यंतच टोचायची, आणि ते चॉकलेट घट्ट होईपर्यंत थांबायचं. मी थांबतच नव्हते. फ्रीजमधून काढलेला गार गोळा मी तसाच गरम चॉकलेटात घालत असे आणि वरचं कवच तडकत असे. "कुडकुडणाऱ्या माणसावर कढत पाणी ओतशील का?" त्या विचारायच्या. "दहा मिनिटं बाहेर बसू दे त्याला. गप्पा मार." आणि खरंच आम्ही गोळे बाहेर ठेवून गप्पा मारायचो. बुडवलेले पॉप उभे करायला बाजारात कसले कसले स्टँड मिळतात. सिस्टर दुधी भोपळा उभा चिरायच्या, दोन्ही फाकी पालथ्या घालायच्या आणि त्यात ओळीने काड्या रोवायच्या. त्या आठवड्यात त्यांच्याकडे भोकाभोकाच्या दुधीची भाजी असे आणि मलाही डबा भरून मिळे.

सिस्टर बौद्ध. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली निवृत्तीच्या दिवशीचा फोटो. सणांचे रंग त्यांनी ठरवून टाकले होते. जयंतीला निळे, बुद्धपौर्णिमेला पांढरे, नाताळला लाल. त्यांची मुलगी सुजाता नाशिकला असते. ती फोनवर चिडवायची, आई, तू रिटायर झालीस की दुसरी नोकरी धरलीस? मी त्यांच्याकडे जेवत होते, त्यांच्या ताटलीतलं उचलून खात होते, त्यांच्या पलंगावर दुपारी लवंडत होते. आपल्याला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही, असं मी माझ्याबद्दल अगदी मनापासून समजत होते.

मग गेल्या वर्षीचे गणपती आले. बाळकुमला आमच्या सोसायटीत पाच दिवसांचा गणपती असतो. त्याच्या आदल्या वर्षी बाहेरून आणलेल्या पेढ्यांनी अर्ध्या बिल्डिंगची पोटं बिघडली होती. म्हणून मीटिंगमध्ये ठरलं, यंदा प्रसाद घरचाच. प्रसादाचं सगळं बघणाऱ्या काकू आमच्याच विंगमधल्या. त्यांनी एक दिवस माझ्याकडे दिला. मी फुशारकीने मोदकाच्या आकाराचे केकपॉप कबूल करून बसले, सव्वाशे. घरी येऊन हिशेब घातला आणि घाम फुटला. सरळ सिस्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, सव्वाशे ना, होतील. तू फक्त न्यायला ये.

आदल्या दिवशी मी गेले तेव्हा ओट्यावर नवं पातेलं, नवी परात, नवा झारा होता. पातेल्यावरचं लेबलसुद्धा निघालेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, माझ्या भांड्यांत अंडं होतं ना, तुमच्याकडच्या गणपतीचं आहे, उगाच कोणाच्या मनात नको. मी त्यांना तसं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून केलं होतं. दही घालून बिनअंड्याचा केक, मोदकाचा छोटा साचा, वर केशर घातलेलं पांढरं चॉकलेट. औषधाच्या दुकानातून सलाइनची रिकामी खोकी मागून आणली होती, ती उलटी करून त्यांना ओळीने भोकं पाडली होती आणि त्यात ते सव्वाशे केशरी मोदक काड्यांवर उभे होते. त्यातला एकही कलला नव्हता.

खोकी बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, अगदी सहज विचारावं तसं, "उद्या मी येऊ का गं तिकडे? प्रसाद वाटताना? मी देवाला यायची नाही, पेशंट. मागे उभी राहीन. नुसती तोंडं बघीन."

एवढंच मागितलं होतं त्यांनी. माझ्या डोळ्यांपुढे आमचा मांडव आला. कोणीतरी विचारणार, या कोण? मी काय सांगणार, कल्याणच्या सिस्टर? मग आडनाव विचारणार. मग प्रसाद कोणी केला ते कळणार. हे सगळं मी एका क्षणात बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, कशाला दगदग करताय, घोडबंदर रोडला सणाची ट्रॅफिक असते, परत जायला रिक्षा मिळायची नाही. त्यांनी माझ्याकडे थोडा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." मला लगेच अपराधी वाटायला लागलं, म्हणून मी उदार झाले. मी सगळ्यांच्या पहिल्या घासाचा व्हिडिओ काढून पाठवते, म्हटलं. त्यांचा चेहरा खुलला. "जवळून काढ हां," त्या म्हणाल्या.

आणि मी काढलाही. आरती संपली, ताटं फिरली, मी मोबाइल घेऊन एकेकाच्या तोंडाजवळ जात होते. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा डोळे मिटून चघळत होते. एक नवी सून सासूची नजर चुकवून दुसरा उचलत होती. तेवढ्यात काकू ताट घेऊन माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, "मेधा, घरचेच ना गं हे? कोणी केले?"

मी म्हटलं, "घरचेच काकू. मीच केलेत. सगळे."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढे म्हटलं की दोन दिवस उभी होते ओट्यापाशी, पाय दुखले. काकूंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. बायका जमल्या, रेसिपी विचारायला लागल्या. आणि मी त्यांना सांगितलं, "घाई करायची नाही. गोळे दहा मिनिटं बाहेर बसू द्यायचे." हे मी सांगितलं. आजही हे लिहिताना कान तापतात माझे.

त्या गडबडीतच, बायकांच्या घोळक्यात उभी असताना मी व्हिडिओ सिस्टरांना पाठवून दिला. आरतीचा शेवट, टाळ्या, आजोबांचे मिटलेले डोळे, सगळं तीन मिनिटांत. लगेच दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर मात्र बऱ्याच वेळाने आलं: बघितला. ते आजोबा डोळे मिटून खातायत ना? बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना मैत्रिणीला मोठ्या कौतुकाने तो व्हिडिओ दाखवला. आवाज मोठा होता. मोबाइल मी काकूंशी बोलतानाही हातात तसाच चालू धरला होता. काकूंचा प्रश्न आला, माझं उत्तर आलं, माझे दुखणारे पाय आले, दहा मिनिटं बाहेर बसलेले गोळे आले. अगदी स्वच्छ. मैत्रीण म्हणाली, कमाल आहे तुझी, सव्वाशे? मी डबा अर्ध्यावरच बंद केला.

पाच दिवस मी फोन केला नाही. सहाव्या दिवशी केला तो माफी मागायचं ठरवून, वाक्यंसुद्धा जुळवून. सिस्टरांनी नेहमीसारखी चौकशी केली. कवच तडकलं का कुठे? केशर जास्त झालं होतं का? मी म्हटलं, "सिस्टर, तो व्हिडिओ..." त्या म्हणाल्या, "आवाज चांगला आलाय त्यात." मग म्हणाल्या, "खोकी परत आण पुढच्या वेळी. परत मागायला बरं नाही वाटत त्या दुकानात." मी हो हो म्हटलं. जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. खरं सांगायचं तर त्यांनी विषय बदलला याचं मला हायसं वाटलं.

पुढचे काही महिने मी ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगत राहिले. खोकी माळ्यावर गेली. एप्रिलमध्ये त्यांचाच मेसेज आला, जयंतीला सकाळी ये, हात कमी पडतायत. गेले. हात कमी पडत नव्हते. सुजाता आलेली होती, शेजारच्या दोघी होत्या. तरी सिस्टरांनी काड्या टोचायचं काम माझ्याकडे दिलं. मी टोक बुडवून, अर्ध्यापर्यंत टोचून, थांबून थांबून दोनशे काड्या टोचल्या. एकही पेशंट दगावला नाही. निळं कवच चढवलं सिस्टरांनी. दुपारी बिल्डिंगच्या अंगणात मांडवाखाली टेबल लागलं, माणसं रांगेने येत होती, आणि कोणीही त्यांचं कौतुक केलं की त्या माझा दंड धरून पुढे करायच्या. "ही माझी मैत्रीण, ठाण्याची. हिने केलेत माझ्याबरोबर. काड्या सगळ्या हिच्या." प्रत्येकाला सांगत होत्या. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, पण त्यात टोमणा नव्हता. जे होतं ते सांगत होत्या.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी एक निळा केकपॉप माझ्या हातात दिला. खुर्ची ओढली. चष्मा पुसला.

मला त्यांच्याकडे बघवेना. मी मांडवाच्या कापडाकडे वळले आणि तिकडे बघत घास घेतला.

"तोंड फिरवलंस, पेशंट," त्या म्हणाल्या.

रागाने नाही. सुई टोचून झाल्यावर दुखलं का विचारतात, त्या आवाजात. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, ऊन येतंय डोळ्यांवर. त्या "हं" म्हणाल्या, उठल्या आणि माझी खुर्ची धरून सावलीत सरकवली.

जुलैत सिस्टर गेल्या. शुगर होतीच, हृदयाचं निमित्त झालं, तीन दिवसांत आटपलं. निरोप त्यांच्याच नंबरवरून आला, सुजाताने पाठवलेला, आणि त्यात त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा वाचलं. शांता गोविंद जाधव. मी बोटाने वर सरकवलं. फार मेसेज नव्हतेच. जयंतीला ये. त्याच्या वर माझी कामाची निमित्तं. त्याच्या वर, बरं वाटलं. त्याच्या वर तो व्हिडिओ.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेले. वंदना झाली, माणसं त्यांच्याबद्दल बोलली. एका रिक्षावाल्याने सांगितलं की आपल्या तिन्ही मुलांच्या लसी सिस्टरांनीच टोचल्या. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. निघताना सुजाता फाटकापर्यंत आली. म्हणाली, तुमचा तो गणपतीतला व्हिडिओ आईने सगळ्या बिल्डिंगला दाखवला, मलाही दाखवला. किती वेळा बघायची. मग ती म्हणाली, "फक्त आवाज बंद करायची. म्हणायची, नुसती तोंडं बघा." तिला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं, आईच्या सवयींतली आणखी एक सवय म्हणून ती सांगत होती.

मी रिक्षात बसले आणि स्टेशन येईपर्यंत रडले. त्यांनी माझी अब्रू सांभाळली होती. मी त्यांचं नाव पुसलं आणि त्यांनी माझा आवाज बंद केला, माझ्यासाठी, आपल्या माणसांसमोर. एवढं मोठं कोणी माझ्यासाठी केलेलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यांना एक साधं 'चुकलं माझं' मला म्हणता आलं नाही.

यंदाच्या गणपतीत मी माळ्यावरून खोकी काढली. चाळीसच केले, पण पंचवीस ग्रॅमचे, काट्यावर तोलून. काय बोलायचं ते घरातून ठरवून निघाले होते. काकू ताट घ्यायला आल्या तेव्हा, त्यांनी घास घ्यायच्या आधीच, मी सांगून टाकलं. काकू, गेल्या वर्षीचे मी केलेले नव्हते. कल्याणच्या एका सिस्टरांनी केले होते, शांता जाधव त्यांचं नाव, मला सगळं त्यांनीच शिकवलं, मी तेव्हा खोटं बोलले. एवढं बोलून मी काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले.

काकूंनी केकपॉप उचलला, घास घेतला. मी बघत होते. त्या चेहऱ्यावर आवडल्याशिवाय दुसरं काही उमटलं नाही. चघळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अगं मग मागच्या वर्षीच सांगायचंस ना. मी आपलं त्या पेढ्यांच्या धास्तीने विचारलं होतं, बाहेरचं नाही ना म्हणून. त्यांना आणायचं होतंस, खणानारळाने ओटी भरली असती त्यांची."

आणखी कोणी नाक मुरडलंही असतं. नसतंही. ते आता कळायचं नाही. काकूंनी मात्र साधं विचारलं होतं, आणि मी जे ऐकलं ते माझ्यातलं होतं. इतकी वर्षं ते माझ्यात बसून होतं आणि मला आपलं वाटत होतं की मला काही वाटत नाही.

काकू ताट घेऊन पुढे निघाल्या, दोन पावलं गेल्यावर वळल्या. "पुढच्या वर्षी नक्की घेऊन ये हां त्यांना," त्या म्हणाल्या.

आणि मी हो म्हटलं.